शेवटची अकरा मिनिटं

रिओनी नदीच्या पुलापलीकडे जे थिएटर आहे
तिथे मी दारावर असते.
सिनेमा संपायला अकरा मिनिटं उरली की आत जायचं,
बाहेरच्या दाराचा कोयंडा काढून ठेवायचा.
म्हणून या सिनेमाचा शेवट
मी सव्वीस वेळा पाहिलाय.
सुरुवात अजून नाही.

एवढं कळलंय:
तो मेलेला आहे. बर्फ आहे तोवर
रोज संध्याकाळी परत येतो,
अट एकच, तिनं त्याचं नाव घ्यायचं नाही.
ती घेत नाही. "ऐक ना" म्हणते,
कधी नुसतं भांडं वाजवते.
मग एका रात्री शेगडीवर दूध ठेवून
खिडकीशी जाते,
मागे दूध वर येतं, आणि दचकून
तिच्या तोंडून निघतं,
"गेला!"

हे त्याचं नाव. आमच्या कुताइसीत
दर गल्लीत एक तरी गेला सापडेल.
खुर्ची रिकामी.
दूध शेगडीवर चरचरत राहतं.

दिवे लागतात. मी पडदा धरून उभी,
आणि माणसं माझ्या अंगावरून बोलत बाहेर पडतात.

औषधाच्या दुकानातली त्सियाला म्हणते,
"बाद्रीचे डोळे गं!
पोलिसांच्या मालिकेत पाच वर्षं
टोपीखाली झाकून ठेवले मेल्यांनी."
तिचा नवरा कोटाची बाही शोधत:
"डोळे कसले, ओंडका आहे.
आधी मेलेला होता, नंतरही मेलेलाच.
पैसे कशाचे घेतो?"

टॅक्सीवाल्या नुगझारला
मेलेला माणूस जेवतो कसा, हे सुटत नाही.
"अख्खी चीजची पोळी संपवली त्यानं.
जाते कुठे ती?"

मझिया आणि लामारा, सख्ख्या बहिणी,
दोनदा तिकीट काढून भांडल्या.
"चुकून निघालं नाव."
"चुकून? बर्फ वितळायला आला होता, बये.
रोज जाणाऱ्यापेक्षा
एकदाच गेलेला परवडतो."
लामारानं हे म्हटलं आणि
दोघी जिना उतरेपर्यंत गप्प.

नाथेला आजी बुधवारी येते, अर्ध्या तिकिटात.
सगळे गेल्यावर उठते.
"नट बेताचाच," ती म्हणाली,
"पण पेला धरतो ना, करंगळी सोडून,
ती आमच्या वारलामची."
पुढच्या बुधवारी परत हजर.
गोष्ट तिला विचारू नका.
ती करंगळी बघायला येते.

सूर्यफुलाच्या बिया विकणारा साबा
परवा मला म्हणाला, "मावशी, तुमचं काय मत?"
असं कुणी विचारत नाही दारावरच्या बाईला.
मी म्हटलं, ती शेगडी नंतर कोण घासतं
ते दाखवायला हवं होतं.
तो हसला.

खरं ते सांगितलं नाही.
सव्वीस वेळा पाहिल्यावर दिसतं:
ती खिडकीशी असते, सगळे तिच्याकडे बघत असतात,
आणि कोपऱ्यात बाद्री
दुधाकडे बघत असतो.
त्याला आधी दिसतं. साय फुगते, कड सोडते,
हात लांबवला असता तर पोचला असता.
तो पेला खाली ठेवतो, हळू,
करंगळी शेवटी टेकते,
आणि बसून राहतो.

ओंडका म्हणतात त्याला.

शुक्रवारी सिनेमा बदलतोय,
अस्वलांचा आहे म्हणे, पोरांसाठी.
मॅनेजर म्हणाला, हवं तर एकदा पहिल्यापासून बघ,
फुकट. मी नको म्हटलं.

घरी आले. मात्सोनी लावायची म्हणून
दूध तापत ठेवलं.
फोन वाजला, घेतला नाही.
कडेनं बुडबुडे धरले, साय थरथरली,
गॅस बंद केला.
वेळेवर.
कुणालाच हाक मारावी लागली नाही.